खारेपाटणकर आणि कामाचे मासे

हौशी माणसांच्या दोन जाती असतात. पहिली जात हौसेवर पैसे उडवते आणि उडवले म्हणून सांगते. दुसरी उडवत नाही, गुंतवते. घरघंटी घेतली की पीठ फुकटात पडतं, फार्महाउसचे आंबे विकले की फार्महाउसचा हप्ता सुटतो, भारी कॅमेरा घेतला की लग्नाच्या ऑर्डरी येतात, असं ज्यांना अगदी मनापासून वाटतं ते या दुसऱ्या जातीतले. आमचे खारेपाटणकर या जातीचे अध्यक्ष शोभतील.

खारेपाटणकर हे त्यांचं आडनाव नव्हे, पदवी आहे. न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळानं एका गणेशोत्सवात ती त्यांना बहाल केली. माणूस मूळचा पुण्याचा, शनिवार पेठेतला. कोकणातल्या खारेपाटणला ते एसटीतून चहासाठीसुद्धा कधी उतरलेले नाहीत. पण एडिसनमधल्या त्यांच्या बेसमेंटमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी आहे, टाकीत पोवळी आहेत, आणि त्यांच्याशी कुठल्याही विषयावर बोला, तिसऱ्या वाक्याला पाण्याची क्षारता येते. एवढ्या पुण्याईवर पदवी मिळायला हरकत नव्हती.

संध्याकाळी त्यांच्या बेसमेंटच्या खिडकीतून गर्द निळा उजेड अंगणात पडतो. पोवळ्यांना तो मानवतो. शेजारच्या आजोबांना मात्र तो गांजाचा वाटला आणि त्यांनी पोलिसांना फोन केला. आलेला तरुण पोलीस पाच मिनिटांत निघणार होता. पाऊण तासानं बाहेर पडला तेव्हा समुद्राच्या हजार भाग पाण्यात पस्तीस भाग क्षार असतात हे त्याला पाठ झालं होतं. त्यानंतर त्या गल्लीत गस्तीची गाडी वेग न कमी करता जाते.

पेशानं खारेपाटणकर एका विमा कंपनीत धोक्याचं गणित मांडतात. पंचावन्न वर्षांचा, सिगरेट ओढणारा, जिना टाळणारा माणूस अजून किती हप्ते भरेल, हे ते दशांश चिन्हापुढे चार आकड्यांपर्यंत सांगतात. त्यामुळे "ही टाकी स्वतःचा खर्च स्वतः काढते" असं ते म्हणाले की ऐकणारा गप्प बसतो. फक्त वहिनी बसत नाहीत. त्या आत जाऊन विजेचं बिल घेऊन येतात.

टाकी तशी लहान. ३० इंच लांब, १२ इंच रुंद, १२ इंच उंच. वीस गॅलन, म्हणजे आपल्या मापानं ७५ लिटर. "ही शोभेची टाकी नाही," असं ते पायऱ्या उतरतानाच बजावतात. इथे पोवळ्यांची लागवड होते. पोवळं हा प्राणी असला तरी त्याची फांदी तोडून दुसरीकडे लावली तर जास्वंदीसारखी जगते. तोडलेल्या तुकड्याला फ्रॅग म्हणतात. तो बटणाएवढ्या प्लगवर सुपरग्लूनं चिकटवायचा ("तुमचं फेविक्विक हो, फक्त जेलमधलं"), प्लग प्लास्टिकच्या जाळीत खोचायचा आणि काही महिने वाट बघायची. ही जाळी म्हणजे ऑफिसच्या छतात ट्यूबलाइटखाली असते तीच, चौकोनी घरांची. हार्डवेअरच्या दुकानात मिळते. अख्ख्या टाकीत स्वस्तात आलेली वस्तू ती एवढीच, आणि म्हणून पाहुण्यांना पहिल्यांदा तीच दाखवली जाते.

रविवारी सकाळी छाटणी. डोळ्यांना गॉगल, हातात रबरी मोजे, मोज्यात हाडं कापायची कात्री. हा वेश विनोदासाठी नाही. झोअँथिड नावाची जी फुलांसारखी पोवळी असतात त्यांतल्या काहींच्या अंगात पॅलिटॉक्सिन असतं, आणि ते जगातल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक आहे. वहिनींनी हे ऐकल्यापासून रविवारचा चहा पायऱ्यांवर ठेवला जातो.

आता गणित. साठ डॉलरचं एक पोवळं आणायचं, वाढवायचं, दहा तुकडे करायचे, वीस-वीस डॉलरला विकायचे. दोनशे वजा साठ, एकशे चाळीस निव्वळ. कागदावर यात चूक काढून दाखवा. कागदाबाहेर मात्र मासे येतात.

सुरुवातीला टाकीत मासे नव्हतेच. पोवळ्यांच्या धंद्यात माशाचं काय काम? मासा खाणार, घाण करणार आणि एक दिवस मरणार. तिन्ही नोंदी खर्चाच्या बाजूला. शिवाय ज्या घरात अंडंसुद्धा बाल्कनीत उकडलं जातं तिथे मासा आणायचा तरी कुठल्या तोंडानं? खारेपाटणकरांनी पाणी इतकं निर्मळ ठेवलं की नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. विमा कंपनीत धोका शून्य म्हटल्यावर पेढे वाटतात. टाकीत पोवळी पांढुरकी पडली आणि प्लगांवर बुडबुड्यांची, शेंबडासारखी तपकिरी साय धरली.

कारण नंतर कळलं. पोवळ्याच्या अंगात एकपेशीय शैवाल भाड्यानं राहतं. ते उजेडावर साखर बनवतं आणि भाडं म्हणून मालकाला देतं. पण नायट्रोजन आणि फॉस्फरस त्यालाही लागतंच, आणि समुद्रात ते पुरवण्याचा मोठा वाटा माशांच्या मलमूत्राचा. अति स्वच्छ पाण्यात पोवळी उपाशी मरतात आणि ती तपकिरी साय माजते. त्या रात्री खारेपाटणकरांनी ठरवलं, मासे ठेवायचे. हौसेसाठी नव्हे, कामासाठी. दुसऱ्या दिवसापासून ते माशांना 'स्टाफ' म्हणू लागले आणि एक्सेलमध्ये नवीन पान उघडलं. नाव, हुद्दा, कामाचं स्वरूप, रुजू झाल्याची तारीख.

पहिली नेमणूक क्लाउनफिशच्या जोडीची, खतनिर्मिती खात्यात. २००३ सालच्या त्या सिनेमापासून पोरं या माशाला निमो म्हणतात आणि खारेपाटणकरांचा तिळपापड होतो. एका वाढदिवसाला जमलेल्या सात-आठ वर्षांच्या मुलांना त्यांनी उभ्या उभ्या समजावलं की या जातीत मादी मेली की नराचीच मादी होते, त्यामुळे पिक्चरमधली आई गेल्यावर बाबा पोराला शोधायला निघालेच नसते, ते आधी आई झाले असते. ती मुलं पुन्हा कधी त्या घरी आलेली दिसली नाहीत. मुलांच्या आयाही.

या जोडीत मादी मोठी, नर लहान, आणि शब्द मादीचा चालतो. समुद्रात तिला राहायला समुद्रफूल मिळतं. इथे नव्हतं, तर तिनं टाकीतलं सगळ्यांत महागडं हॅमर पोवळं पसंत केलं आणि त्यात अहोरात्र लोळायला सुरुवात केली. ते बिचारं मिटलं ते मिटलंच. आसपासचे प्लग आवडले नाहीत ते तिनं ढकलून खाली पाडले. खारेपाटणकर ते उचलायला हात घालतात आणि ती कडकडून चावते. आता नवा फ्रॅग कुठे ठेवायचा हे ती ठरवते आणि एक्सेलमध्ये 'जागेची फेररचना' अशी नोंद होते.

दुसरी नेमणूक सिक्स-लाइन रॅसची. बोटाएवढा, जांभळ्या अंगावर नारिंगी पट्टे, लालभडक डोळा. पोवळ्यांवरचे चपटे किडे टिपायचं काम त्याच्याकडे. त्यानं पंधरवड्यात किडे संपवले. इतका तडफदार अधिकारी काम संपल्यावर स्वस्थ बसेल कसा? त्यानं सहकाऱ्यांची चौकशी सुरू केली.

चौकशीत पहिला सापडला ब्लेनी. हा शेवाळ खायला ठेवलेला. तो भोकात बसतो, तोंड तेवढं बाहेर काढतो आणि डोळे गरगर फिरवत सगळ्यांकडे बघतो. शेवाळ खाऊन त्यानं पहिल्या आठवड्यात चांगली छाप पाडली. मग वरून खाणं पडतं हे त्याच्या ध्यानात आलं आणि शेवाळ वाढत राहिलं. खारेपाटणकरांनी खाणं कमी करून पाहिलं, तर ब्लेनी इतका बारीक दिसू लागला की रात्री दोनला उठून त्यांनीच त्याला गुपचूप भरवलं.

शेवाळासाठी मग एक समुद्री साळू आणला, टक्सिडो अर्चिन. तो मासा नसल्यामुळे कंत्राटी. या साळूला अंगावर काही ना काही पांघरून हिंडायची सवय असते, शिंपला म्हणा, खडा म्हणा. या टाकीत त्याला प्लग मिळाले. एका सकाळी वीस डॉलरचं पोवळं टोपीसारखं घालून तो काचेवर चढताना दिसला. दुसऱ्या दिवशी टोपी बदलली होती, पस्तीसची होती. "टेस्ट आहे त्याला," असं म्हणत खारेपाटणकरांनी त्याला कायम केलं.

बांगाई कार्डिनलची जोडी मात्र काम करते, फार करते. या माशाचा नर पिलं तोंडात वाढवतो आणि तितके दिवस, म्हणजे तीन-चार आठवडे, काही खात नाही. नरानं पहिल्यांदा तोंड मिटलं तेव्हा खारेपाटणकरांनी एक्सेलमध्ये 'पितृत्व रजा' लिहिलं आणि स्वतः घरून काम सुरू केलं. वहिनी एवढंच म्हणाल्या, "आमच्या मुलीच्या वेळी हे क्लायंटकडे हार्टफर्डला होते."

पाहुणे पिवळ्या टँगची चौकशी हमखास करतात. तो पिवळाधमक, थाळीसारखा मासा सगळ्यांना हवा असतो. त्यावर खारेपाटणकरांचं उत्तर ठरलेलं आहे. तो मासा हवाईचा, मैलोनमैल पोहणारा, ७५ लिटरमध्ये ठेवणं हा गुन्हा. त्याची पैदास बंदिस्त पाण्यात पहिल्यांदा जमली ती २०१५ मध्ये, हवाईच्या ओशनिक इन्स्टिट्यूटमध्ये. हे सांगताना आवाज कडक असतो. पण त्यांच्या लॅपटॉपच्या पडद्यावर चित्र त्याच माशाचं आहे.

पुण्याहून आई आल्या तेव्हा टाकीवर संकट येणार असं सगळ्यांना वाटलं. पहिल्याच दिवशी त्यांनी फ्रीझर उघडला. एका बाजूला ओल्या नारळाचा चव, दुसऱ्या बाजूला बर्फाच्या वड्यांमध्ये गोठलेली मायसिस कोळंबी. वड्या आकारानं सारख्या. आईंनी दोन्हींमध्ये केळीचं पान उभं केलं आणि विषय संपवला. मग त्या बेसमेंटमध्ये उतरल्या. मुलगा एका बरणीत पांढरी भुकटी ढवळत होता. पोवळ्यांचा सांगाडा चुनखडीचा असल्यामुळे ती पाण्यातलं कॅल्शियम ओढून घेतात. ते भरून काढायला रात्री थेंब थेंब सोडायचं हे द्रावण, त्याचं जर्मन नाव काल्कवासर, हे तो उत्साहानं सांगू लागला. आईंनी बरणी उजेडात धरली.

"अरे, ही चुन्याची निवळी. ढवळतोस काय? खाली बसू दे. वरचं नितळ तेवढं घ्यायचं. कोहळ्याचा पेठा कधी बघितला नाहीस का करताना?"

वरचं नितळ तेवढंच घ्यायचं असतं, हे खरं होतं. त्या दिवसापासून काल्कवासर खातं आईंकडे गेलं.

त्यांनी मुलाकडे एकच मागणी केली. ज्योतिषांनी नातवाला मंगळासाठी पोवळं सांगितलं होतं, तर घरचंच एखादं तोडून दे. अंगठीतलं लाल पोवळं ही वेगळी जात, ते भूमध्य समुद्रातून येतं आणि या टाकीतलं वाळवलं तर पांढरा दगड उरेल, हे समजावताना खारेपाटणकर घामाघूम झाले. पुण्याच्या भाच्यालाही अशी टाकी हवी होती. त्याला तर त्यांनी फोनवर पाऊण तास झापलं. भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, खडक बांधणारी पोवळी २००१ पासून त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. विचारसुद्धा करू नकोस. २०२० मध्ये मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरची पोवळी उचलून कुलाब्याकडे नेऊन बसवली गेली, ती बातमी मात्र त्यांनी छापून बेसमेंटच्या दारावर लावली आहे. "सरकारनं माझंच काम केलं," असं ते म्हणतात, "फक्त माझ्याकडे रस्ता नाही."

आई आल्यानंतर महिनाभरात एक चमत्कार घडला. पोवळ्यांना रंग चढला. वर्षानुवर्षं फिकट हिरवी असणारी फांदी पाचूसारखी झाली, टोकं निळी पडली, हॅमरसुद्धा क्लाउनबाईंना अंगावर घेऊन उमलू लागलं. खारेपाटणकरांनी दिवे बदलले होते, त्याचा हा परिणाम असं त्यांनी जाहीर केलं. मग पाणी तपासलं. कायम शून्याच्या आसपास असणारं नायट्रेट आठवर होतं. फॉस्फेटही वर. एवढं खत आलं कुठून याचा शोध लागला दुपारी तीन वाजता, ऑफिसातून लवकर घरी आल्यावर. आई टाकीशेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या, हातात मायसिसची वाटी होती, आणि सगळा स्टाफ त्यांच्यापुढे रांगेत होता.

"दिवसातून एकदा चिमूटभर घालतोस," आई म्हणाल्या, "कामाला लावलंयस ना त्यांना? मग जेवायला घाल."

त्यावर खारेपाटणकरांनी काय केलं? आईंचा आहार त्यांनी ग्रॅममध्ये मोजला, त्याचा आलेख काढला आणि तो आता 'माझी पद्धत' म्हणून ते सगळ्यांना सांगतात.

हिशेबाचं पान पाहण्यासारखं आहे. उत्पन्नाच्या बाजूला विकलेले फ्रॅग. खर्चाच्या बाजूला मीठ आणि माशांचं खाणं, बस्स. दिवे, पंप, पाणी गाळायचं यंत्र ही 'गुंतवणूक', ती दुसऱ्या पानावर. २०१२ च्या ऑक्टोबरात सँडी वादळानं न्यू जर्सी अंधारात बुडवली तेव्हा त्यांनी जनरेटर आणला. आधी टाकीचा पंप, मग टाकीचा हीटर, आणि उरलीच वीज तर घरचा फ्रिज, असा क्रम होता. घरातली माणसं स्वेटर घालून बसली होती. त्या जनरेटरची नोंद 'घरखर्च' या सदरात आहे.

आणि उत्पन्न तरी कसं वाढणार? गिऱ्हाईक आलं की आधी प्रश्न. टाकी किती दिवसांची? क्षारता कशानं मोजता? आणि ते उपकरण शेवटचं कधी जुळवून घेतलं? पाणी नळाचं वापरता? ज्यानं नळाचं म्हटलं तो रिकाम्या हातानं परत जातो, वर त्याला सरबत मिळतं. फ्रॅगची अदलाबदल करायला हौशी लोक जमतात तिथे ते दहा पिशव्या घेऊन जातात आणि चौदा घेऊन येतात. 'होमरेकर' नावाचं एक पोवळं त्यांनी तिथून आणलं. किंमत त्यांनी सांगितली नाही, वहिनींनी नावावरून अंदाज केला.

रॅसचं प्रकरण शेवटी हाताबाहेर गेलं. त्यानं ब्लेनीची शेपटी फाडली, बांगाईला कोपऱ्यात दाबलं. खारेपाटणकरांनी बडतर्फीचा निर्णय घेतला. पण या माशाला पकडायचं तर सगळे खडक उपसावे लागतात. पारदर्शक सापळा लावला, त्यात खाणं ठेवलं. रॅस रोज सापळ्यापर्यंत यायचा, खारेपाटणकरांकडे बघायचा आणि परत जायचा. एक दिवस आईंनी हातातली मोठी गाळणी पाण्यात धरली, त्यात मायसिस सोडली, आणि रॅस येऊन गाळणीत बसला. जेवायला बोलावल्यासारखा. "स्टीलची आहे हो, गंजेल!" हे खारेपाटणकरांचं पहिलं वाक्य.

फुकट देणे आहे म्हटल्यावर एक सद्गृहस्थ प्रिन्स्टनहून आले. टाकी मोठी, पाणी शुद्ध, बाकी मासे दांडगे. सगळ्या प्रश्नांची बरोबर उत्तरं दिली. शेवटी खारेपाटणकरांनी विचारलं, "टाकीला वरून जाळी आहे का? हा उडी मारतो." नव्हती. पण आजच लावतो, असं ते गृहस्थ म्हणाले. "मग उद्या या," खारेपाटणकर म्हणाले, आणि उद्या त्यांचा फोन उचलला नाही.

परवा मी गेलो तर बेसमेंटमध्ये दुसरी टाकी उभी होती. आत रॅस एकटाच ऐटीत फिरत होता.

"एका माशासाठी अख्खी टाकी?" मी विचारलं.

"म्हणूनच तर," ते प्लगवर सुपरग्लू पिळत म्हणाले. "एकट्या माशावर टाकीचा खर्च कसा निघणार? हिच्यातही पोवळी लावतोय."

पायऱ्यांवर चहाचा कप ठेवता ठेवता वहिनी थांबल्या. "आणि एवढ्या पोवळ्यांना एका माशाचं खत पुरणार आहे का?"

तो टोमणा होता. खारेपाटणकरांनी तो सूचना म्हणून लिहून घेतला.